विश्लेषण : शीतगृहातील पाइप, व्हॉल्व्हचा रंग दोन वर्षांतच का उडतो? तो टिकवणे हा सुरक्षेचा प्रश्न कसा?

नाशिकची द्राक्षे, तासगावचा बेदाणा, कोकणातील निर्यातीची कोळंबी आणि रोज सकाळी दारात येणारी दुधाची पिशवी. या सगळ्यांमागे कुठे ना कुठे मोठी शीतकरण यंत्रणा चालू असते. मोठ्या यंत्रणांतील पाइपांमधून बहुतेक वेळा अमोनिया फिरत असतो. हा अमोनिया आणि बाहेरची माणसे यांच्यामध्ये असते काही मिलिमीटर जाडीचे पोलाद, आणि त्या पोलादाचे रक्षण करतो कागदाहून फार जाड नसलेला रंगाचा थर. हा थर अनेक ठिकाणी दोन-तीन वर्षांतच फुगतो, त्याचे पोपडे निघतात आणि खाली गंज दिसू लागतो. मग ‘कंपनीने रंग हलका दिला’ म्हणून डब्याला दोष दिला जातो. प्रत्यक्षात रंगाचे आयुष्य बहुतांशी डबा उघडण्याआधीच ठरलेले असते. ते कसे, आणि ते वाढवण्यासाठी काय करता येते, हे समजून घेऊ.

शीतगृहात अमोनियाच का वापरतात?

अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि बाष्प होताना भरपूर उष्णता शोषून घेतो. त्यामुळे तेवढ्याच थंडाव्यासाठी वीज कमी लागते. तो स्वस्त आहे, ओझोनच्या थराला अपाय करत नाही आणि त्याची जागतिक तापमानवाढ क्षमता शून्य धरली जाते. याउलट शीतगृहांत वापरल्या जाणाऱ्या आर-४०४ए या कृत्रिम वायूची ही क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे.

मॉन्ट्रियल करारातील किगाली दुरुस्ती भारताने २०२१मध्ये मंजूर केली. त्यानुसार हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंचा वापर २०२८मध्ये गोठवायचा, २०३२पासून तो टप्प्याटप्प्याने कमी करायचा आणि २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. म्हणजे येत्या काळात अमोनियाच्या यंत्रणा कमी होणार नाहीत, उलट वाढण्याचीच शक्यता आहे. त्या सुरक्षित ठेवण्याचा प्रश्नही त्यामुळे अधिक महत्त्वाचा होतो.

गळती झाली तर काय होते?

अमोनियाचा उग्र वास अगदी थोड्या प्रमाणातही कळतो, हा त्याचा गुण. पण हवेत दहा लाख भागांत ३०० भाग एवढे प्रमाण झाले, की ती जागा जिवाला तत्काळ धोका असलेली मानली जाते. डोळे, घसा आणि फुप्फुसे यांना तो भाजून काढतो. अमोनिया हवेहून हलका असला, तरी द्रवरूपात बाहेर पडलेला अमोनिया थंड धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो.

जुलै २०२४मध्ये तमिळनाडूतील तुतिकोरिनजवळच्या मत्स्यप्रक्रिया कारखान्यात गळती होऊन सुमारे ३० महिला कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पंजाबातील जालंधर शहरात बर्फ कारखान्यातील गळतीने एकाचा बळी गेला. अशा प्रत्येक दुर्घटनेमागे गंजच असतो असे नाही. विजेचा बिघाड, चुकीची हाताळणी, बंद न होणारा व्हॉल्व्ह अशी कारणेही असतात. मात्र गंज हे असे कारण आहे, जे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर वाढत असते आणि वेळीच रोखता येते.

या पाइपांना इतर पाइपांपेक्षा लवकर गंज का चढतो?

ओलसर अमोनिया तांबे आणि पितळ खातो. म्हणून या यंत्रणेत साधे कार्बन पोलाद वापरावे लागते. आतून अमोनिया पोलादाला फारसा त्रास देत नाही. खरा शत्रू बाहेर आहे. पाणी आणि प्राणवायू एकत्र आले, की पोलाद गंजते. थंड पाइप तर हवेतील पाणी स्वतःकडे ओढूनच घेतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसा घाम येतो, तसा या पाइपांना दिवसरात्र घाम येत असतो.

यात एक गंमत आहे. जो पाइप कायम उणे ३० अंशांवर असतो, तो तुलनेने कमी गंजतो. कारण त्याच्यावरचे पाणी गोठलेले असते आणि बर्फात गंजण्याची प्रक्रिया फार मंद होते. सर्वाधिक हाल होतात ते कधी थंड, कधी गरम होणाऱ्या पाइपांचे. शीतगृहातील कूलिंग कॉइलवर साचलेला बर्फ काढण्यासाठी दिवसातून काही वेळा उलट गरम वायू सोडला जातो. याला कारखान्यांत ‘हॉट गॅस डीफ्रॉस्ट’ म्हणतात. उणे २५ अंशांवरचा व्हॉल्व्ह काही मिनिटांत शून्याच्या बराच वर जातो आणि पुन्हा खाली येतो. प्रत्येक फेरीत बर्फ वितळतो, पाणी रंगाच्या बारीक चिरेत शिरते आणि परत गोठते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे ती चीर थोडी आणखी रुंदावते. दिवसातून तीनदा असे झाले, तरी वर्षाला हजारावर फेऱ्या होतात. भिंतीच्या रंगासाठीचा ऑइलपेंट हे सोसण्यासाठी बनलेलाच नसतो.

सर्वांत धोक्याच्या जागा कोणत्या?

सरळ, मोकळा पाइप सहसा शेवटी गंजतो. सुरुवात होते ती अवघड जागी. व्हॉल्व्ह हे त्याचे मुख्य उदाहरण. त्याला कडा, खाचा, फ्लँज आणि नट-बोल्ट असतात. ओला रंग कडेवरून ओघळतो, त्यामुळे धारेवर त्याचा थर सर्वांत पातळ राहतो. बोल्टच्या मागे ब्रश पोहोचत नाही. पाइपाला इन्सुलेशन असते, पण व्हॉल्व्हचे डोके चालवण्यासाठी उघडे ठेवावे लागते. त्यामुळे त्याच्यावर बर्फाचा गोळा तयार होतो. चाक फिरेना म्हणून तो हातोडीने फोडला जातो आणि बर्फाबरोबर रंगाचे टवकेही निघतात.

दुसरी जागा म्हणजे वेल्डिंगचा सांधा. कारखान्यातून आलेल्या व्हॉल्व्हवर जस्ताचा मुलामा किंवा प्रायमरचा पातळ हात असतो. तो वाहतूक आणि साठवणुकीपुरता असतो, कायमचा नव्हे. त्यातही व्हॉल्व्ह पाइपाला वेल्ड करताना दोन्ही टोकांचे हे संरक्षण जळून जाते. अनेकदा त्या जळक्या, काळ्या पट्ट्यावरच वरचा रंग मारला जातो. गंजाची पहिली रेघ नेमकी तिथेच उमटते.

तिसरी जागा सर्वांत फसवी आहे, ती म्हणजे इन्सुलेशनच्या आतली. बाहेर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा, आत पफ किंवा थर्माकोल आणि त्याखाली पाइप. बाहेरची हवा दमट आणि पाइप थंड असल्याने बाष्प सतत आत शिरू पाहते. बाष्प अडवणाऱ्या आवरणाला एखादे छिद्र पडले, पाइपाच्या आधाराजवळ सांधा उघडा राहिला किंवा कोणी पाइपावर पाय देऊन पत्रा चेपला, की पाणी आत जाते. ते बाहेर येण्याचा मार्ग मात्र राहत नाही. पाइप ओल्या पोटिसात गुंडाळल्यासारखा वर्षानुवर्षे कुजत राहतो आणि बाहेरून सगळे चकाचक दिसते.

गंजण्याचा वेग किती असतो?

दोन इंची सर्वसाधारण पाइपाची (शेड्यूल ४०) जाडी ३.९१ मिलिमीटर असते. हवेच्या गंजकारक शक्तीची वर्गवारी करणारे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार ‘सी-३’ म्हणजे मध्यम हवेत उघडे पोलाद पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रॉन झिजते. ‘सी-५’ म्हणजे खारट किनारपट्टी किंवा अतिशय प्रदूषित हवेत हाच आकडा ८० ते २०० मायक्रॉन असतो. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर.

हा हिशेब वाचून ‘मग वीस वर्षे चिंता नाही’ असे वाटेल. पण हे आकडे सरासरीचे आणि उघड्या हवेतले आहेत. ओल्या इन्सुलेशनखाली गंज सगळीकडे सारखा पसरत नाही, तो एका ठिपक्यावर खोल जातो. बाकीचा पाइप धडधाकट असताना एका जागी छिद्र पडू शकते. गळतीला एक छिद्र पुरेसे असते.

नवा रंगही लवकर का उडतो?

नेहमीचे चित्र असे असते. हंगाम संपल्यावर ठेकेदाराला बोलावले जाते. कामाच्या ऑर्डरमध्ये लिहिलेले असते : ‘घासून रेड ऑक्साइडचा एक हात व सिल्व्हर रंगाचे दोन हात.’ मजूर वायर ब्रश फिरवतात आणि सैल पोपडे काढतात. उरलेल्या तपकिरी थरावर प्रायमर लागतो. दिवसाखेर पाइप नव्यासारखे दिसतात, बिल निघते आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगे येतात.

याची तीन मुख्य कारणे आहेत. पहिले, हाताच्या वायर ब्रशने घट्ट बसलेला गंज निघत नाही, तो फक्त चकाकतो. रंग पोलादाला न चिकटता गंजाला चिकटतो आणि गंज सुटला की त्याच्याबरोबर निघून येतो. दुसरे, पृष्ठभागावरचे न दिसणारे क्षार. मत्स्यप्रक्रियेच्या कारखान्यात खारे वारे आणि खारे पाणी असते, दुग्धशाळेत धुण्याची रसायने असतात. गोड्या पाण्याने न धुता रंग मारला, तर हे क्षार रंगाखाली अडकतात आणि रंगाच्या थरातून ओलावा आत खेचून घेतात. रंगाला येणाऱ्या फुग्यांत पाणी भरलेले आढळते, त्याचे एक कारण हे आहे. तिसरे, कॉम्प्रेसरचे तेल. तेलकट हात लागलेल्या पाइपावर ब्रश फिरवला, तर तेल पसरते, निघत नाही. आधी सॉल्व्हंटने किंवा डिटर्जंटने तेल काढायचे, मग गंज. हा क्रम उलटा झाला, की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पृष्ठभाग किती स्वच्छ हवा, यासाठी आयएसओ ८५०१ या मानकात छायाचित्रांसह श्रेणी दिल्या आहेत. हाताने किंवा यंत्राने घासण्याच्या श्रेणी ‘एसटी-२’ आणि ‘एसटी-३’. वाळू किंवा ग्रिटचा मारा करून केलेल्या सफाईची, नव्या कामात सर्वाधिक मागितली जाणारी श्रेणी ‘एसए-२.५’. ब्लास्टिंगमुळे पोलाद स्वच्छ तर होतेच, शिवाय त्याला सूक्ष्म खडबडीतपणा येतो आणि रंगाला पकड मिळते. म्हणूनच नव्या प्रकल्पात पाइपांचे भाग जोडण्याआधीच ब्लास्ट करून प्रायमर लावून आणणे सर्वांत शहाणपणाचे. एकदा यंत्रणा उभी राहिली, की तशी सफाई पुन्हा जवळपास अशक्य होते.

दवबिंदूचे गणित काय आहे?

रंग टिकण्याच्या प्रश्नातील हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. औद्योगिक रंगकामाचा सर्वमान्य नियम सांगतो, की पोलादाचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी हवी. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पडदा पोलादावर असतो आणि रंग त्या पाण्यावर बसतो.

आता महाराष्ट्राच्या हवामानात हा नियम लावून पाहू. पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. म्हणजे पाइप किमान २९ अंशांवर हवा. यंत्रणा चालू असेल तर हे शक्यच नाही. बंद असली तरी पाऊस आणि रात्रीचा गारवा यात जेमतेम साधते. जानेवारीतल्या नाशिकमध्ये दुपारी हवा २५ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर दवबिंदू १०-११ अंशांवर येतो. रंगासाठी हवा उत्तम, पण द्राक्षांचा हंगाम भरात असतो. माल शून्य ते एक अंशावर ठेवायचा असल्याने पाइप त्याहून थंड असतात. मे महिन्यात हवा ३८ अंश, आर्द्रता २५ टक्के धरली तर दवबिंदू साधारण १४-१५ अंश येतो. तेव्हा द्राक्षे गेलेली असतात, यंत्रणा थांबवता येते आणि पाऊस यायचा असतो.

म्हणजे नाशिक पट्ट्यातील शीतगृहांसाठी रंगकामाची खरी खिडकी एप्रिलअखेर ते मेअखेर अशी महिनाभराचीच आहे. उन्हात तापलेल्या पाइपावर रंग उकळल्यासारखा फुटतो, म्हणून छतावरचे काम सकाळी लवकर करावे लागते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ‘आता निवांत आहे’ म्हणून हे काम जून-जुलैत काढले जाते. रंग तोच, माणसे तीच, पण निकाल वेगळा लागतो.

कोकणात हा पेच आणखी अवघड आहे. जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते आणि कच्चा माल कमी येतो, म्हणून प्रक्रिया कारखान्यांना देखभालीला वेळ मिळतो. पण नेमकी तेव्हाच हवा वर्षातील सर्वांत ओली असते. तिथे मे महिन्यात किंवा पाऊस ओसरल्यावर टप्प्याटप्प्याने काम काढणे, एवढाच पर्याय उरतो. तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू दाखवणारा हातात धरण्याचा मीटर मिळतो आणि कामाच्या एकूण खर्चात त्याची किंमत किरकोळ असते. तो नसेल तर रंगकामाची वेळ अंदाजाने ठरते.

कोणता रंग, किती थर?

पोलादी बांधकामाच्या रंगसंरक्षणासाठी आयएसओ १२९४४ हे मानक वापरले जाते. त्यात रंगप्रणालीचे अपेक्षित आयुष्य गटांत दिले आहे : सात वर्षांपर्यंत कमी, ७ ते १५ वर्षे मध्यम, १५ ते २५ वर्षे जास्त आणि त्यापुढे अतिजास्त. हे आयुष्य म्हणजे हमी नव्हे. पहिली मोठी दुरुस्ती केव्हा लागेल, याचा तो अंदाज आहे.

उघड्या, इन्सुलेशन नसलेल्या पाइपांसाठी प्रचलित प्रणाली तीन थरांची असते. पहिला थर इपॉक्सी प्रायमरचा, शक्यतो जस्तयुक्त. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. पण त्यासाठी ते थेट स्वच्छ पोलादावर बसावे लागते, गंजावर लावलेल्या जस्ताचा उपयोग नाही. दुसरा थर जाड इपॉक्सीचा, पाणी अडवण्यासाठी. तिसरा पॉलियुरेथेनचा, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी होऊन निस्तेज पडते. खारट हवेसाठी एकूण सुकी जाडी साधारण २४० ते ३२० मायक्रॉन ठेवली जाते. साध्या ऑइलपेंटच्या एका हाताला जेमतेम ३०-४० मायक्रॉन मिळतात. ‘तीन हात मारले’ आणि ‘तीनशे मायक्रॉन मिळाले’ यांतला फरक इथे कळतो.

इन्सुलेशनखालचा पाइप सतत ओला राहू शकतो. तिथे ऑइलपेंट आणि रेड ऑक्साइड लवकर मऊ पडतात, आणि जस्ताच्या एकट्या प्रायमरवरही विसंबता येत नाही. पाण्यात बुडून राहण्यास योग्य अशा इपॉक्सीचे दोन थर देऊन मगच इन्सुलेशन करणे योग्य. ‘आत झाकलेच जाणार आहे, रंग कशाला?’ हा युक्तिवाद नेमका उलटा आहे. झाकल्यावर तो भाग कोणी पाहणार नसतो, म्हणूनच तिथे रंग चांगला हवा.

व्हॉल्व्हसाठी एक साधी पद्धत फार उपयोगी पडते. पूर्ण थर देण्याआधी कडा, बोल्ट, वेल्ड आणि खाचा एवढ्याच जागा ब्रशने वेगळ्या रंगवून घ्यायच्या. याला ‘स्ट्राइप कोट’ म्हणतात. प्रत्येक थराला वेगळी छटा ठेवली, तर कुठे राहून गेले ते लगेच दिसते. सुकल्यावर जाडी मोजणारे चुंबकीय गेज फिरवले, की वाद उरत नाही.

यंत्रणा बंदच करता येत नसेल तर?

बेदाण्याची शीतगृहे किंवा दुग्धशाळा वर्षभर चालतात. तिथे एकेक खोली किंवा एकेक व्हॉल्व्ह-संच आळीपाळीने बंद करून, रिकामा करून, हवेच्या तापमानाला आणून काम करणे हा पहिला पर्याय. साधा इपॉक्सी १० अंशांखाली नीट घट्ट होत नाही. त्यामुळे थंड पाइपावर मारलेला रंग सुकल्यासारखा दिसला, तरी आतून कच्चा राहतो.

तेही शक्य नसेल, तर रंगाचा हट्ट सोडलेला बरा. ओलसर, थंड पृष्ठभागावर लावता येणाऱ्या पेट्रोलियम-मेणाच्या पट्ट्या मिळतात. त्या दिसायला ओबडधोबड असतात, पण पाणी आणि हवा अडवतात. इन्सुलेशनखाली वापरण्यासाठी गंजरोधक जेलही असते. नव्या कामात, वारंवार गोठणाऱ्या-वितळणाऱ्या जागी स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह बसवणे हा महाग पण दीर्घकाळ टिकणारा उपाय आहे.

काम करताना काय टाळावे?

पहिला नियम जिवाचा. दाब असलेल्या अमोनियाच्या पाइपावरचा जाड गंज हातोडीने, छिन्नीने किंवा ग्राइंडरने काढू नये. कधीकधी तो गंजाचा खपलाच छिद्र बुजवून बसलेला असतो. आधी जाडीची अल्ट्रासॉनिक तपासणी, गरज पडल्यास तो भाग बंद करून रिकामा करणे आणि मगच सफाई, हा क्रम हवा. रंगाऱ्यांना ही कल्पना दिलेली नसते. ते ठेकेदाराचे रोजंदारीचे मजूर असतात आणि त्यांच्यासाठी तो केवळ पाइप असतो. त्यांना पाइपात काय आहे, वास आला तर कोणत्या दिशेने पळायचे आणि मास्क कुठे आहेत, हे काम सुरू होण्याआधी सांगणे ही मालकाची जबाबदारी आहे.

दुसरा नियम ब्रश कुठे लावू नये याचा. व्हॉल्व्हचा स्पिंडल, त्याचे आटे आणि ग्लँड यांवर रंग बसला, तर आणीबाणीत व्हॉल्व्ह फिरत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड, द्रवाची पातळी दाखवणारी काच, दाबमापक आणि माहितीची पट्टी झाकून घ्यावी. माहितीपट्टीवर रंग फासला, की त्या व्हॉल्व्हची क्षमता किती, हे पुढच्या माणसाला कळायला मार्ग राहत नाही.

नियम काय सांगतात?

अमोनियाच्या सुरक्षित हाताळणीसाठी भारतीय मानक आयएस ४५४४ आहे. दाबाखालील भांड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी कारखानाविषयक कायद्यानुसार बंधनकारक असून राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय त्यावर देखरेख ठेवते. घातक रसायनांबाबतच्या १९८९च्या नियमांतील कडक तरतुदी मात्र अनेक टनांच्या मोठ्या साठ्यांना लागू होतात. मध्यम आकाराच्या शीतगृहातील अमोनिया त्या मर्यादेच्या बराच खाली असतो. परिणामी रिसीव्हरसारख्या भांड्याची कागदोपत्री तपासणी होते, पण त्याला जोडलेल्या शेकडो मीटर पाइपांची आणि डझनावारी व्हॉल्व्हची स्थिती मालकाच्या दक्षतेवरच राहते. अमेरिकेतील अमोनिया शीतकरण क्षेत्राच्या संस्थेने २०१९मध्ये देखभालीचे स्वतंत्र मानक (आयआयएआर-६) आणले. त्यात पाइप आणि इन्सुलेशन यांच्या नियमित तपासणीचाही समावेश आहे.

अनुदानाचा रोखही उभारणीकडे आहे. फलोत्पादन योजनांत शीतगृह उभारण्यासाठी सर्वसाधारण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के कर्जाशी निगडित अनुदान मिळते. देशात साडेआठ हजारांहून अधिक शीतगृहे उभी राहिली, त्यात अशा योजनांचा वाटा आहे. पण भांडवली अनुदान एकदाच मिळते. पुढच्या वीस वर्षांचा रंग, इन्सुलेशन आणि तपासणी मालकाच्याच खिशातून होते. द्राक्षांचा भाव पडलेल्या वर्षी सर्वांत आधी कात्री लागते, ती याच खर्चाला.

मग खर्च परवडतो का?

रंगकामात रंगाच्या डब्याचा वाटा मर्यादित असतो. मजुरी, परांची, सफाई, इन्सुलेशन काढून पुन्हा बसवणे आणि यंत्रणा बंद ठेवल्याचे नुकसान हे मोठे भाग. एक उदाहरण म्हणून हिशेब मांडू. स्वस्त काम १०० रुपयांत झाले आणि दोन वर्षे टिकले, तर बारा वर्षांत सहा वेळा मिळून ६०० रुपये लागतात. नीट सफाई करून केलेले काम २५० रुपयांना पडले आणि बारा वर्षे टिकले, तर तेवढ्यातच भागते. मधली किरकोळ डागडुजी धरली तरी फरक मोठा राहतो. शिवाय सहा वेळा यंत्रणा बंद करण्याची कटकट वाचते. गळती झाली तर वाया जाणारा माल आणि माणसांना होणारी इजा या हिशेबात धरलेलीच नाही.

शीतगृहचालकांनी आता काय पाहावे?

कामाच्या ऑर्डरमध्ये ‘दोन हात रंग’ असे न लिहिता पाच गोष्टी लिहाव्यात : सफाईची श्रेणी, क्षार धुण्याची अट, प्रत्येक थराचा प्रकार आणि मायक्रॉनमधली जाडी, दवबिंदूच्या रोजच्या नोंदी आणि वेल्ड-बोल्टवरचा स्ट्राइप कोट. बिल जाडी मोजल्यावर द्यावे. वर्षातून एकदा सगळे व्हॉल्व्ह क्रमांकानुसार तपासून फोटो ठेवावेत. पत्र्याखालून टपकणारे तपकिरी पाणी, फुगलेला सांधा किंवा पूर्वी नसलेला बर्फाचा ठिपका दिसला, तर तिथले इन्सुलेशन उघडून पाहावे. ठिपक्याएवढा गंज दिसताच तिथल्या तिथे साफ करून रंगवला, तर पूर्ण रंगकाम कित्येक वर्षे पुढे ढकलता येते.

शीतगृहाशेजारी राहणाऱ्या वस्तीला आणि आत काम करणाऱ्या महिलांना पाइपावर किती मायक्रॉन रंग आहे, हे कधी कळत नाही. मे महिन्यातले ते तीन-चार कोरडे आठवडे कोणत्या कामाला द्यायचे हे मालक आणि प्लांट ऑपरेटर ठरवतात, आणि त्यावर या सगळ्यांची सुरक्षा अवलंबून असते. यंदाचा हंगाम संपताच व्हॉल्व्हच्या त्या गंजलेल्या बोल्टांकडे एकदा नीट पाहायला हवे, ते त्यासाठीच.